मेंढ्या बसवता का?

ऊर्जानगरच्या गेटवर मला पहिल्यांदा अडवलं तेव्हा मी बिशप होऊन जेमतेम महिना झाला होता. अंगात पांढरा झगा, कमरेला जांभळा पट्टा, गळ्यात क्रूस, बोटात अंगठी. वीज केंद्राच्या वसाहतीत आमची थोडी कुटुंबं होती, त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, करायला निघालो होतो. पहारेकऱ्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या ड्रायव्हरला विचारलं, "कोन हायेत हे?"

"बिशप साहेब," शेषराव म्हणाला.

"ते आयकलं. पन पोस्ट कोन्ती?"

"बिशप हेच पोस्ट."

"जी.एम.च्या वर का खाली?"

शेषरावने जरा विचार केला. "लायनच वेगळी हाये भाऊ. यायचे साहेब रोमले बसतात."

"मंग बदली लवकर होत नसन," असं म्हणून त्या भल्या माणसाने सहानुभूतीने गेट उघडलं.

आज निवृत्त होऊन बसलो आहे, तरी त्या पहारेकऱ्याचा प्रश्न अजून मला कुणी ना कुणी विचारतंच. तेव्हा एकदाचं सांगून टाकतो. बिशप म्हणजे एका मोठ्या मुलखातल्या सगळ्या कॅथलिक धर्मगुरूंचा आणि लोकांचा प्रमुख. या पदासाठी अर्ज करता येत नाही. एक दिवस वरून निरोप येतो आणि माणूस अडकतो. सुटायचा अर्ज मात्र पंच्याहत्तरी गाठली की स्वतः करावा लागतो, आणि मी तो वाढदिवसाचा केक कापायच्या आधी केला. मधल्या काळातलं काम काय? लोकांना वाटतं प्रार्थना. अहो, प्रार्थनेला वेळ मिळाला तर नशीब! गळकी छपरं, दोन फादरांमधली भांडणं, नादुरुस्त पंप, आणि फिरती. चंद्रपूरहून निघायचं आणि जंगलात शिरायचं. भामरागडला तर पावसाळ्याआधीच चार महिन्यांचे उपदेश एकदम देऊन यावं लागे, कारण एकदा नद्या भरल्या की तिथे ना बिशप पोचत ना पोस्टमन.

मी मूळचा नगरकडचा, शाळामास्तरांचा मुलगा. या भागातली बोली मला कळायची, पण कळायची तितकीच. माझी सगळी फजिती झाली ती त्या 'पण'मध्ये. शेषराव चंद्रपूरचा, बौद्ध घरातला. नोकरीवर आला त्या दिवशीच त्याने करार केला होता, "साहेब, धर्माचं तुमी मले सांगायचं नाई, गेअरचं मी तुमाले सांगनार नाई." हा करार आम्ही शेवटपर्यंत पाळला. बाकी जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल तो मला सांगत असे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. चामोर्शीच्या पलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथले लोक मला अजून ओळखतात आणि मी त्यांना घाबरून असतो. सगळी धान, म्हणजे भात, पिकवणारी हिंदू शेतकरी मंडळी, आमची घरं इनमीन तीन. तिथे आमची सिस्टर रोझिली दवाखाना चालवायची. केरळची पोरगी, हातात नर्सचं शिक्षण आणि अंगात वादळ. दवाखाना म्हणजे काय, तर एका गोठ्याला टेकवलेली पडवी. तिने पेशंटला "जीभ बाहेर काढा" म्हटलं की पलीकडून बैलही काढायचा.

गावात ग्रामपंचायतीचं जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. पक्क्या भिंती, वर कौलं. सिस्टरला ते हवं होतं, आणि पावसाळ्याआधी हवं होतं. कारण पाऊस लागला की गावापुढचा नाला रस्ता बंद करी आणि चामोर्शीचं सरकारी हॉस्पिटल दिसेनासं होई. आदल्या पावसाळ्यात एक बाई त्या नाल्याच्या काठी बैलगाडीतच बाळंत झाली होती. बाळ-बाळंतीण वाचली, पण कशीबशी. या वर्षी सगुणाबाईच्या सुनेचे दिवस श्रावणात भरत होते. सगुणाबाई ही गावातली एक विधवा म्हातारी, तिला ती एकच सून आणि जीव सगळा तिच्यात अडकलेला. तेव्हा बिशप म्हणून मी जातीने जायचं, गावसभेत गोदाम मागायचं, असं ठरलं.

माझ्या येण्याची वर्दी द्यायला सिस्टर कोतवालाकडे गेली. तिचं मराठी पुस्तकातलं. 'बिशप' त्याला कळेना, म्हणून तिने फोड करून सांगितली, "आमचे महामेंढपाळ येणार आहेत. ते आपल्या कळपाची काळजी घेतात."

आमच्या धर्मात हा शब्द जुनाच आहे. लोक म्हणजे कळप, बिशप म्हणजे मेंढपाळ. माझ्या हातातला टोकाला वळलेला दंडसुद्धा मेंढपाळाच्या काठीचाच नमुना. तो तीन तुकड्यांत निघतो, पिशवीत बसतो, आणि शेषराव त्याला 'फिटिंग' म्हणायचा. "साहेब, फिटिंग घेतली का?" विचारल्याशिवाय त्याने कधी जीप सुरू केली नाही.

कोतवालाने मात्र आपल्या परीने अर्थ लावला आणि गावभर दवंडी पिटली, "आयका होऽऽ! चंद्रपूरहून लय मोठे मेंढपाळ येऊन राह्यले होऽऽ!"

शेती न करणाऱ्या वाचकांना इथे एक सांगायला हवं. धान कापून झालं की उन्हाळ्यात शेतं मोकळी असतात. तेव्हा शेतकरी मेंढपाळाला गाठून त्याचा कळप आपल्या शेतात रात्री मुक्कामाला ठेवतात. मेंढ्या रात्रभर लेंड्या टाकतात, जमिनीला पहिल्या नंबरचं खत मिळतं आणि मेंढपाळाला त्याचे पैसे किंवा धान्य. याला म्हणतात मेंढ्या बसवणं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मला भजन बसवतात एवढं माहीत होतं.

जीप पोचली तर गावाच्या तोंडाशी हीऽऽ गर्दी. मी भारावून गेलो. आमची तीनच घरं असलेल्या गावात एवढं स्वागत! फक्त एक गोष्ट खटकली. कुणी माझ्याकडे पाहतच नव्हतं. सगळे माना उंचावून जीपच्या मागच्या धुळीत बघत होते. सरपंच नामदेवभाऊ पुढे आले, भारदस्त माणूस, झुपकेदार मिशा.

"मागून येऊन राह्यले का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, बाकीच्या फादरांबद्दल विचारताहेत. "नाही, आज मी एकटाच. माझा कळप फार विखुरलेला आहे हो. थोडा चंद्रपूरला, थोडा ऊर्जानगरला, थोडा पार भामरागडला."

"भामरागडले? बाप्पा! तिथी तर बिबटे हायेत."

"देव राखतो."

"अन् तुमी?"

"मी वर्षातून एकदा जाऊन पाहून येतो."

नामदेवभाऊंनी मागे वळून गावकऱ्यांकडे पाहिलं. गावकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सरपंचांनी मुद्द्याला हात घातला. "मंग इथी बसवता का?"

मला वाटलं, प्रार्थनासभा. बिनकॅथलिक गाव आपणहून प्रार्थनासभा मागतंय! "अवश्य! त्यासाठीच तर आलो."

"किती रात्री?"

"तुम्ही म्हणाल तितक्या."

"पयले कोनाच्या बांधीत?" बांधी म्हणजे धानाचं शेत. उघड्यावर सभा, काय कल्पना!

"ज्याची इच्छा असेल त्याच्या. मी भेदभाव करत नाही."

"अन् घेता काय?"

"घेतो काय म्हणजे? आमची सेवा विनामूल्य असते, भाऊ."

मी आयुष्यात पुष्कळ प्रवचनं दिली. लोक झोपले, खोकले, बाहेर जाऊन आले. पण या एका वाक्याला जो जल्लोष झाला तसा पुन्हा कधी झाला नाही. कोतवालाने उभ्या उभ्या डफडं बडवलं. दोन भाऊ तर कुणाची बांधी आधी यावरून तिथेच हमरीतुमरीवर आले. शेषराव माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, काईतरी गडबड हाये." मी त्याला म्हटलं, "गप रे, ही श्रद्धा आहे."

चिंचेखाली सभा भरली. सिस्टरने गोदामाचा विषय काढला आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळे हात वर! "देऊन टाका! साहेबासाठी गोदाम म्हंजे का चीज हाये!" सगुणाबाईने डोळ्यांना पदर लावला. सिस्टर माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी समुद्र दुभंगवला. मी मिशा नसताना मिशीवर ताव मारत होतो.

तेवढ्यात मागून एक म्हातारबुवा उठले. "समदं बराबर हाये. पन मेंढ्या कधी येतात?"

"कोणत्या मेंढ्या?" मी विचारलं.

म्हातारबुवा मटकन खाली बसले. मग सगळे एकदम बोलायला लागले आणि त्या गलक्यातून मला हळूहळू उलगडा झाला, की मी गावातल्या एकूण एक शेतात, वाटेल तितक्या रात्री, मेंढ्या फुकट बसवायचं कबूल केलेलं आहे.

सिस्टर रोझिली उसळून उभी राहिली. "तुम्ही समजून घेत नाही! मेंढ्या म्हणजे आम्ही! आम्ही सर्वजण यांच्या मेंढ्या आहोत!"

म्हातारबुवांनी तिच्याकडे बघितलं, आमच्या तीन कुटुंबांकडे बघितलं, आणि अगदी मायेने म्हणाले, "बाई, तुमी बसून काय होते? लेंड्या कोन टाकन?"

गाव हसून हसून लोळलं. नामदेवभाऊ मात्र हसले नाहीत, त्यांचा चारचौघांत पोपट झाला होता. "शब्द तुमी देल्ला साहेब, मी नाई मांगतला. आता मेंढ्या बसवा अन् गोदाम घ्या. नाईतर गोदामात पंचायतीची लाकडं ठेवतो."

"अन् माही सून?" सगुणाबाई गर्दीतून कडाडली. "तिले का लाकडावर निजवू? नामदेवा, तुले मेंढ्याची पडली!" पण सभा उठली होती.

मी संतापलो होतो. सिस्टरला पडवीत गाठून म्हटलं, "महामेंढपाळ! कुणी सांगितला हा शब्द तुला?"

"आपणच," ती म्हणाली. "मागच्या प्रवचनात आपण पुनःपुन्हा म्हणालात, मी तुमचा मेंढपाळ आहे. मी लिहून पाठ केलं." पलीकडून बैलाने जीभ काढली.

परतीच्या वाटेवर शेषरावने रिकाम्या रस्त्यावर दोनदा हॉर्न वाजवला, आणि हे लक्षण वाईट असायचं. मग म्हणाला, "साहेब, इतक्या वर्सांपासून तुमी लोकायले सांगून राह्यले का मी मेंढपाळ हावो. एक डाव होऊन पाहा ना!"

"मेंढ्या काय झाडाला लागतात?"

"चामोर्शीच्या बाजारात मल्लाजी भेटते. कुरमार हाये. मोठा कळप हाये त्याच्यापाशी." कुरमार म्हणजे आमच्या भागातली मेंढ्या पाळणारी जमात.

बाजाराच्या दिवशी मल्लाजी भेटला. खांद्यावर घोंगडी, शिडशिडीत, वयाने माझ्याच बरोबरीचा. शेषरावने ओळख करून दिली, "हे बी मेंढपाळच हायेत."

मल्लाजीला आनंद झाला. "किती हायेत तुमच्या?"

"असतील काही हजार," मी कसाबसा म्हणालो.

"बापा! लोकर कापता का नाई?"

"दर रविवारी कापतात," शेषराव म्हणाला. "थाळी फिरवून."

शेषरावचा हिशेब मी नंतर करायचं ठरवलं आणि मल्लाजीला सगळी हकिकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली. तोही त्याच बाजूला निघाला होता. गावाने दोन वेळचं जेवण दिलं की त्याला पुरे होतं. अट मात्र एक घातली. "मी जलमभर मेंढ्याच्या मागं चाललो. मले जीपीत बसाचं हाये. मी समोर बसतो, मेंढ्या तुमी आना."

म्हणून, वाचकहो, एप्रिलच्या उन्हात, पांढऱ्या झग्यात, कमरेला जांभळा पट्टा आणि हातात 'फिटिंग' घेऊन मी मेंढ्या हाकत निघालो. काठी म्हणून जवळ तेवढीच होती. मागून कासवाच्या चालीने जीप, जीपमध्ये पायावर पाय टाकून मल्लाजी, आणि शेषराव त्याला प्रत्येक बटण कशाचं ते समजावतोय.

धर्मशास्त्रात लिहिलं आहे की मेंढ्या आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात. हे खरं आहे. माझा आवाज ऐकून त्यांनी बरोबर ओळखलं की हा तो नव्हे. मी "चला" म्हटलं की थांबायच्या, "थांबा" म्हटलं की झाडीत घुसायच्या. एका एडक्याला माझ्या पट्ट्याची चव आवडली. तो पट्टा खात खात माझ्याबरोबर चालत होता, त्यामुळे निदान एक तरी जनावर माझ्या ताब्यात होतं म्हणायचं. शेवटी मी मिस्सेतलं गाणं मोठ्याने म्हणायला लागलो. त्याने फरक पडला, मल्लाजीचा राखणीचा कुत्रा पळून जीपमध्ये जाऊन बसला.

मग लागलं मोहाचं झाड आणि त्याच्या शेजारी एका बाईने वाळत घातलेली मोहफुलं. कळपाने जे तोंड घातलं ते काही केल्या निघेना. बाई खराटा घेऊन धावून आली.

"काऊन रे बावाजी! डोये फुटले का तुहे? एवढा झगा घातला अन् चार मेंढ्या नाई आवरत?"

इतक्या वर्षांत माझ्या कारभाराचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं. मी दंड उंचावून आशीर्वाद द्यायला लागलो, तिला वाटलं मारतो, तिने खराटा उगारला. मल्लाजीने जीपमधून न उतरताच जिभेने 'ट्रर्रर्र' असा एक आवाज काढला आणि अख्खा कळप मोहफुलं टाकून चालू लागला. त्यानंतर मी नुसता सोबत होतो.

गावाच्या तोंडाशी पुन्हा गर्दी. पण जीपने उडवलेल्या धुळीत आत कोण बसलंय ते त्यांना दिसत नव्हतं. झाडीतली जवळची वाट धरून जीप आमच्या पुढे निघाली होती आणि आधी पोचली होती. कोतवालाने डफडं वाजवलं, पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाला साहेब समजून लोकांनी हार घातले, बायांनी ओवाळलं. मल्लाजीने हरकत घेतली नाही. उलट दोन्ही हात वर करून त्याने सगळ्यांना आशीर्वाद दिला, आणि माझ्यापेक्षा किती तरी ऐटीत दिला.

मी धुळीने भुरा होऊन, अर्धा पट्टा लोंबतोय अशा अवस्थेत पोचलो तेव्हा नामदेवभाऊ मला म्हणाले, "ए गडी, मेंढ्या तिकडं सगुणाबाईच्या बांधीत ने." मग त्यांनी पुन्हा पाहिलं. दंड पाहिला, झगा पाहिला. मिशा थरथरल्या. "अरेऽऽ, साहेब तुमी?" आणि तो भारदस्त माणूस रस्त्यातच खाली बसून हसायला लागला. डोळे पुसत पुसत त्यांनी करगोट्याची किल्ली सोडली आणि सिस्टरच्या हातात दिली. "घे बाई, उघड गोदाम. असा मेंढपाळ मी जलमात नाई पाह्यला."

मेंढ्या साऱ्या गावात आळीपाळीने बसल्या. सिस्टरने गोदाम शेणाने सारवलं, चुन्याने रंगवलं, खाट मांडली. आणि श्रावणात, नाला दोन्ही काठ सोडून वाहत असताना, सगुणाबाईच्या सुनेला त्या खाटेवर मुलगा झाला. बाळ आडवं होतं. सिस्टर नंतर मला म्हणाली, "त्या दिवशी पडवी असती तर मी दोघांनाही गमावले असते." तिचं मराठी तेव्हाही पुस्तकातलंच होतं, पण हे वाक्य बोलताना तिचा आवाज पुस्तकातला नव्हता.

मी चिखल तुडवत बाळ बघायला गेलो तेव्हा विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"बिसप," सगुणाबाई म्हणाली.

आमच्या भागात कप्तान, जमादार, तहसीलदार अशी नावं पोरांना ठेवतातच. जी पोस्ट आवडली ती पोराला द्यायची. मी आपला पाळण्याशी उभा राहून नाक शिंकरत राहिलो.

त्यानंतर चारेक वर्षांनी माझ्या सुटकेचा कागद आला. चंद्रपूरला निरोपसमारंभ ठेवला होता. व्यासपीठावर मी आणि शेजारी नवे बिशप, तरणे, रुबाबदार, इस्त्रीचा झगा. भाषणांवर भाषणं झाली. माझी दूरदृष्टी, माझी विद्वत्ता, अशा माझ्याकडे कधीच नसलेल्या वस्तूंची यादी लोक वाचत होते. मी मनात हिशेब मांडत होतो. इतकी प्रवचनं, इतकी भूमिपूजनं, आणि छातीवर हात ठेवून 'हे मी केलं' म्हणावं असं काय? एकदा मेंढ्या हाकल्या होत्या, त्याही नीट नाही. वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात मागच्या दाराने ते गाव आत आलं. नामदेवभाऊ, कोतवाल, सिस्टर, वाकलेली सगुणाबाई, आणि तिच्या पदराला धरून एक शेंबडं पोरगं. भाषण थांबलं. नामदेवभाऊ थेट नव्या बिशपांसमोर उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "नमस्कार साहेब. तुमी बी बसवता का?"

नवे बिशप प्रसन्न हसले. "अवश्य! तुम्ही म्हणाल तेव्हा."

भिंतीशी उभा असलेला शेषराव खाली बसला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर समारंभ बिघडला असता. नव्या माणसाला सावध करावं असं क्षणभर वाटलं, पण म्हटलं, असू दे, शिकेल.

तेवढ्यात सगुणाबाईचा खणखणीत आवाज सभागृहभर घुमला, "ए बिसप! नाक पूस!"

आणि व्यासपीठावर आम्ही दोघांनीही एकदम खिशातून रुमाल काढले. नव्या बिशपांनी आपलं नाक पुसलं, ते कोरडंच होतं. माझं नव्हतं.